मंडळी : एका शब्दाचा इतिहास

मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द काही मिशनऱ्यांनी नव्याने घडविलेला नाही. सभेला जमलेले लोक म्हणजे मंडळी, घरातली माणसे म्हणजे मंडळी, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचे नाव न घेता तिचा उल्लेख करी तोही ‘आमची मंडळी’ असाच. देवळापासून माजघरापर्यंत पसरलेल्या या एका शब्दात महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेच्या इतिहासाचा एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. आपल्या जीवनाची दिशा माणसाला एकांतात सापडते की चार माणसांच्या संगतीत? आणि ती सापडल्यावर घरातल्या मंडळीचे काय होते?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला फार तीव्र धार होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरात १८३१ साली सुरू झाले. त्याच १८३१ साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या शाळांत शिकले, दीर्घकाळ मनाशी झगडले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या झगड्याची हकीकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद सरकारने १८५० च्या कायद्याने केली होती. परंतु कायदा पंगतीत पान मांडू शकत नव्हता, की बंद झालेले दार उघडू शकत नव्हता. बाप्तिस्म्याच्या क्षणी माणूस एका विश्वासाचा स्वीकार करी आणि त्याच क्षणी आप्त, पाणवठा, सण, सोयरीक या सर्वांपासून तुटे. म्हणूनच नव्या मंडळीचा आधार ही त्याच्यासाठी केवळ धार्मिक सोय नव्हती. ती जगण्याची गरज होती.

मात्र हा आधार सर्वांना सारख्याच रीतीने मिळाला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण ज्या भगिनीसंघाच्या छायेत त्या राहिल्या होत्या त्याच्या मताधिकाराला त्यांनी आपली बुद्धी अर्पण केली नाही. धर्मसिद्धान्तांविषयी त्या निर्भीडपणे प्रश्न विचारीत राहिल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी निराधार स्त्रियांची जी वसाहत उभी केली, तीच एका अर्थी त्यांची मंडळी ठरली. मिळालेल्या समुदायात सामावून जाण्याऐवजी त्यांनी समुदायच निर्माण केला. विश्वास स्वीकारणे आणि संस्थेला शरण जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे रमाबाईंच्या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होत असेल.

या प्रश्नाचे सर्वांत मानवी रूप मात्र एका दांपत्याच्या संसारात पाहावयास मिळते. ते दांपत्य म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. एकाच घरातील ही दोन माणसे एकाच ठिकाणी पोहोचली, पण एकमेकांच्या उलट दिशांनी.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृताचा गाढा व्यासंग, काव्याची उपजत ओढ, देशाच्या दुर्दशेची खंत आणि कोठेही स्थिर न होणारी वृत्ती यांमुळे तारुण्यातील त्यांचे जीवन सतत भटकंतीत गेले. नोकरी धरावी आणि सोडावी, बिऱ्हाड मांडावे आणि मोडावे, असा हा क्रम होता. सर्व भारतीयांना एकत्र बांधील अशा धर्माचा त्यांचा शोध चालू होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात एका मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना बायबलची एक प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असावे. परंतु ग्रंथ वाचावयास घेतल्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. त्या पानांतून त्यांना पुढे जाववेना. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा, दुःखितांना धन्य म्हणणारी दृष्टी, बाह्य आचारापेक्षा अंतःकरणाच्या शुद्धीवरचा भर, यांत त्यांना आपल्या भटकंतीचे उत्तर दिसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांची वाट अशी ग्रंथाकडून श्रद्धेकडे आणि श्रद्धेकडून मंडळीकडे गेली. परंतु ज्या दिवशी त्यांना नवी मंडळी लाभली त्याच दिवशी घरची मंडळी दुरावली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या. पतीने दिशा शोधली होती. पत्नीची होती तीही हरवली. सधवा असून संसार नाही, परत जावयास घर आहे पण तेथे आपला अधिकार नाही, अशा अवस्थेत त्यांनी वर्षे काढली. धर्मांतराच्या कथांत शोधकाचा आनंद पुष्कळदा रंगविलेला असतो. मागे राहिलेल्याच्या दुःखाचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या मोकळेपणाने मांडला तसा मराठीत त्यापूर्वी कोणी मांडलेला नव्हता.

त्यांच्या अडचणीचे मूळ समजण्यासाठी त्यांचे माहेर पाहावे लागते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरचा. १८५७ च्या उठावात त्यांच्या आईचे वडील फासावर गेले. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची भीती इतकी बळावली की घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीला येशू ख्रिस्त कोण हा प्रश्न पुढचा होता. पहिला प्रश्न होता पाणी कोणाच्या हातचे प्यावयाचे हा. तत्त्वज्ञानाने जे टिळकांना एका वाचनात पटले ते लक्ष्मीबाईंना हाताने, ओठाने, घशाखाली उतरवून पटवावयाचे होते.

पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरच्या परिसरात राहावयास आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. पतीचा धर्म वेगळा, आपली चूल वेगळी, अशी ती तडजोड होती. टिळकांनीही या बाबतीत सक्ती केली नाही, ही त्यांच्या श्रद्धेची मोठीच कसोटी म्हणावी लागेल. स्वभावाने उतावीळ असलेल्या या माणसाने पत्नीच्या मनाची वाट पाहिली. त्या विचारांच्या काळात लक्ष्मीबाईंच्या मनाने एके दिवशी साधा सवाल केला. जाती जर देवाने निर्माण केल्या असतील, तर पशुपक्ष्यांत जसे शरीरावरून भेद ओळखू येतात तसे माणसांत का येऊ नयेत? आणि त्या माणसाने केलेल्या असतील तर त्या पाळण्याचे बंधन कसले? उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हा निर्णय ख्रिस्ताविषयी नव्हता, माणसाविषयी होता. शेजारच्या माणसाचा पाण्याचा तांब्या आधी स्वीकारला गेला. त्या माणसाची प्रार्थना नंतर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची वाट मंडळीकडून श्रद्धेकडे गेली होती.

तो काळही माणसांना एकत्र लोटणारा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगरचा मुलूख होरपळला होता. त्याच्या मागेपुढे प्लेगने गावे ओस पाडली होती. टिळकांच्या घरात आईबाप गमावलेली मुले येऊन राहू लागली आणि ज्या बाईने एकेकाळी परक्याची सावली टाळली होती तिच्याच हाताखाली ही मुले न्हाऊ-जेवू लागली. प्लेगच्या दिवसांत रुग्णांच्या शुश्रूषेतही त्या मागे राहिल्या नाहीत. लक्ष्मीबाईंच्या विश्वासाला पुस्तकी परिभाषा फारशी कधीच लाभली नाही. ताटात वाढलेली भाकरी आणि आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र हीच तिची भाषा होती. त्यांच्या घरात कवींचाही वावर असे. ‘बालकवी’ ठोमरे यांना त्या घरी आईची माया मिळाली, आणि त्यासाठी बालकवींना आपला धर्म बदलावा लागला नाही.

म्हणून त्या काळची मंडळी निर्दोष होती असे मात्र समजण्याचे कारण नाही. मिशनच्या पगारावर अवलंबून असलेला समाज हळूहळू मिशनरी साहेबाच्या तोंडाकडे पाहू लागे. उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते असत आणि खेड्यातल्या माणसाला ती परकी वाटत. जातीचे जुने ताणही उंबरठ्यापाशी थांबत नसत. टिळकांनी हे दोष ओळखले. त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन हे या मातीतले साधन ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची भावना होती, आणि ती केवळ अलंकार नव्हती. ज्या मंडळीत आईच्या भाषेत रडता येत नाही तिथे माणसाचे मन रुजत नाही, हे या कवीला उमगले होते. मराठी मंडळ्यांच्या उपासनासंगीतात टिळकांच्या गीतांचा वाटा आजही मोठा आहे. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन करतानाही त्यांनी हाच विचार पुढे नेला.

अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान असावे अशी त्यांची कल्पना होती. ज्या मंडळीसाठी त्यांनी घर सोडले होते तिच्याही भिंती आता त्यांना अपुऱ्या वाटू लागल्या होत्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराचे स्वप्न अर्धवट राहिले. दिशा सापडलेला माणूस मुक्कामाला पोहोचतोच असे नाही, हेही या चरित्राने दाखविले.

टिळकांमागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने पतीने अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. टिळकांनी दहा-अकरा अध्यायच लिहिले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग पाहावयास त्या उरल्या नव्हत्या. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. या आत्मकथनात उपदेश जवळजवळ नाही. पतीचे दोष, स्वतःचा हट्ट, मंडळीतील विसंगती हे सारे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. श्रद्धा स्थिर झालेल्या माणसालाच असे हसता येते.

या इतिहासाकडे केवळ गतकाळाची गोष्ट म्हणून पाहता येणार नाही. त्या काळी माणूस धर्म बदलल्याने गावापासून तुटे. आज तो बहुधा चरितार्थासाठी तुटतो. बंगळूरच्या दक्षिणेस जयप्रकाश नारायणांच्या नावाने टप्प्याटप्प्याने वाढत गेलेल्या जे. पी. नगरसारख्या वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांची भाषा पुष्कळदा जाणत नाहीत. त्या शहरातील चर्चांतून कन्नड, तमिळ, इंग्रजी, कोकणी अशा अनेक भाषांत उपासना चालते, आणि कोणत्या भाषेत प्रार्थना व्हावी यावरून तेथे वादही झालेले आहेत. परगावी आलेला श्रद्धावान माणूस रविवारी जेव्हा उपासनामंदिराचे दार शोधतो, तेव्हा तो देवाबरोबर आपली बोली आणि आपल्याला नावाने हाक मारणारा कोणीतरी शोधत असतो. टिळकांनी मराठी मंडळीपुढे मांडलेला भाषेचा प्रश्न आणि लक्ष्मीबाईंनी सोडविलेला तांब्याचा प्रश्न, हे दोन्ही प्रश्न तिथे नव्या रूपात उभे असतात.

टिळकांच्या वाटेने जाणाऱ्याला आधी प्रकाश दिसतो आणि मग सोबत शोधावी लागते. लक्ष्मीबाईंच्या वाटेने जाणाऱ्याला आधी सोबत मिळते, आणि त्या सोबतीच्या उजेडात हळूहळू पुढचे पाऊल दिसू लागते. पहिल्या वाटेची कीर्ती मोठी आहे, कारण तिच्यात नाट्य आहे. परंतु मराठी ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो बहुतांशी दुसऱ्या वाटेने. कोणी आजाऱ्यापाशी बसले, कोणी अनाथ पोराला जेवू घातले, कोणी परक्या हातचे पाणी न कचरता प्याले. ‘मंडळी’ या शब्दाचे देवळातले आणि घरातले अर्थ अशाच ठिकाणी एक झाले.