सॅलिश समुद्रातील ट्रेलर-नौकापर्यटन

ट्रेलर-नौकापर्यटन म्हणजे मोटारीमागे ट्रेलरवर ओढून नेता येईल अशा लहान नौकेतून, बहुधा रात्रीचा मुक्कामही नौकेतच करीत, किनाऱ्यावरील गावे पाहत केलेला जलप्रवास. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅलिश समुद्र हे अशा प्रवासाचे एक परिचित क्षेत्र आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंड, हुआन दे फुका सामुद्रधुनी आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतालगतची जॉर्जिया सामुद्रधुनी मिळून हा भूवेष्टित समुद्र बनतो. त्याचे नाव येथील कोस्ट सॅलिश या मूळ रहिवाशांवरून पडले असून अमेरिकेत ते २००९ साली अधिकृत झाले.

नौका

ट्रेलर-नौकेचा आकार समुद्राइतकाच रस्त्याने ठरविलेला असतो. अमेरिकेतील महामार्गांवर विशेष परवान्यावाचून साधारणपणे ८.५ फूट (२.५९ मीटर) रुंदीपर्यंतचेच वाहन नेता येते; म्हणून या नौका अरुंद असतात. शिडाच्या नौकांची डोलकाठी आडवी करता येते आणि तळाचा जड कणा वर उचलता येतो. १९६९ साली बांधणी सुरू झालेली ‘कॅटलिना २२’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. कणा खाली सोडला असता तिला सुमारे दीड मीटर खोली लागते, उचलला असता सुमारे ६० सेंटिमीटर पुरते. मोठ्या नौकांना वर्ज्य असलेल्या उथळ खाड्या त्यामुळे तिला खुल्या होतात. डोलकाठी उभारताना मात्र डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावे लागते. या छंदातील काही प्राणघातक अपघात पाण्यात नव्हे, तर अशा तारांखाली झालेले आहेत.

उथळ तळाच्या होडीचे महत्त्व या समुद्रात नवे नाही. कोस्ट सॅलिश लोकांच्या देवदारी होड्या येथे शतकानुशतके वावरत होत्या. १७९२ साली ब्रिटिश आरमारातील जॉर्ज व्हँकुव्हर याने या भागाची पाहणी केली, तेव्हा मोठे जहाज नांगरून ठेवून आतल्या खाड्यांचे मापन वल्ह्या-शिडाच्या लहान होड्यांतूनच करविले. पीटर प्युजेट आणि जोसेफ व्हिडबी हे त्या होड्यांवरील अधिकारी. व्हिडबीला एक अरुंद वाट सापडल्यावर, द्वीपकल्प समजली गेलेली भूमी प्रत्यक्षात बेट असल्याचे उघड झाले. या फसगतीवरून त्या वाटेला डिसेप्शन पास आणि बेटाला व्हिडबी ही नावे मिळाली.

भरती-ओहोटी आणि प्रवाह

येथे दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात, पण त्यांच्या उंचीत बरीच तफावत असते. रोजच्या सर्वांत मोठ्या भरतीत व सर्वांत नीच ओहोटीत पोर्ट टाउनसेंड येथे सरासरी अडीच मीटरच्या आसपास, तर दक्षिण टोकाच्या ऑलिंपिया येथे साडेचार मीटरच्या आसपास अंतर पडते. एवढे पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून ये-जा करते, आणि प्रवासाची खरी अडचण तीच आहे. डिसेप्शन पासमध्ये प्रवाहाचा वेग ८ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १५ किलोमीटर) जातो. बावीस फुटी शिडाची नौका यंत्रावरही फार तर ५-६ नॉट गाठते. म्हणजे उलट्या प्रवाहात ती पुढे सरकण्याऐवजी मागेच ढकलली जाते. प्रवाह थबकतो त्या थोड्या वेळातच ही वाट पार करावी लागते. हा क्षण भरती पूर्ण होण्याच्या वेळेशी जुळेलच असे नाही, म्हणून भरतीच्या कोष्टकाखेरीज प्रवाहांचे स्वतंत्र कोष्टक जवळ ठेवणे आवश्यक असते. उधाण आणि भांग यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोकणी खलाशाला यातील तत्त्व नवे वाटणार नाही; नवे वाटेल ते पाण्याचे तापमान. उन्हाळ्यातही पुष्कळ ठिकाणी ते १० ते १४ अंश सेल्सिअस असते. पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटात अनावर होतो आणि पोहता येणाराही बुडू शकतो. तरंगजाकीट अंगावर असले तरच उपयोगी, पेटीत ठेवलेले नव्हे.

बंदरगावे

फिडाल्गो बेटावरील अ‍ॅनाकोर्टिस येथून सान हुआन बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटी सुटतात. ट्रेलरवरील नौका पाण्यात उतरविण्याची सोयही तेथे आहे. दक्षिणेस स्विनोमिश कालव्याच्या काठी ला कॉनर हे लहान गाव आहे. गाळ उपसून मोकळा ठेवलेला हा कालवा घेतल्यास डिसेप्शन पास टाळता येतो. गावातील जुन्या दुकानांची पाठ रस्त्याकडे नसली, तरी त्यांची खरी दर्शनी बाजू पाण्याकडेच, लाकडी खांबांवर उभी आहे. समोरच्या काठावर स्विनोमिश जमातीची राखीव भूमी आहे.

पोर्ट टाउनसेंडची कथा निराळी आहे. रेल्वे येणार या भरवशावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे विटा-दगडांच्या भव्य इमारती उठल्या. रेल्वे आली नाही, १८९० च्या दशकात मंदी आली आणि भरभराट ओसरली. नव्याने बांधायला पैसा नव्हता म्हणून जुने शिल्लक राहिले. आज तेच गावाचे वैभव मानले जाते. १९७७ पासून येथे लाकडी नौकांचा महोत्सव भरतो. गावाजवळच्या पॉइंट विल्सन येथे प्रवाह व वारा परस्परविरुद्ध असल्यास लाटा अकस्मात उंच होतात.

सान हुआन बेटावरील फ्रायडे हार्बर हे सान हुआन काउंटीचे मुख्य ठिकाण. पण लहान नौकेने मुद्दाम जावे ते बेटाच्या वायव्येकडील उथळ गॅरिसन उपसागरात. १८५९ साली एका अमेरिकन वसाहतकऱ्याने हडसन्स बे कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले आणि दोन राष्ट्रांचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले. ‘डुक्कर-युद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तंट्यात डुकराखेरीज युद्धबळी नाही. १८७२ मध्ये जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याच्या लवादाने बेटे अमेरिकेला मिळाली. तोवर ब्रिटिश सैनिकांचा तळ या उपसागराच्या काठी होता व तो आता राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

नियम

कॅनडाच्या हद्दीतील बंदराला भेट दिल्यास दोन्ही बाजूंच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना वर्दी द्यावी लागते. अमेरिकेत परतताना फ्रायडे हार्बर व रोश हार्बर येथे ही सोय आहे. वॉशिंग्टनच्या पाण्यात दक्षिणी निवासी ओर्का या संकटग्रस्त समूहापासून २०२५ पासून १,००० यार्ड (सुमारे ९१५ मीटर) अंतर राखणे बंधनकारक आहे.