मुष्टियोद्धा जवान मुरलीकांत पेटकर

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा परिसर तालमींचा. तेथून जवळच, कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म पेठ इस्लामपूर येथे १९४४ मध्ये झाला. सैन्यात दाखल झाल्यावर त्यांनी मुष्टियुद्धात नाव कमावले आणि १९६४ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेपर्यंत मजल मारली.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध जुंपले. त्यात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियोद्ध्याचा ठोसा दिसतो हाताचा. परंतु त्यामागचा जोर पायांतून येतो. पाय गेले, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरील या जवानाचे मुष्टियुद्धही संपले.

अशा जखमींना पूर्वी जन्मभर अंथरुणाला खिळून राहावे लागे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी ही समजूत मोडून काढली. खेळ हाच उपचार मानून १९४८ मध्ये त्यांनी जायबंदी सैनिकांसाठी धनुर्विद्येचे सामने भरविले. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या.

पेटकरांनाही उपचार म्हणूनच पोहण्याचा सल्ला मिळाला. पाणी देहाचा भार उचलते; पुढे जाण्याचे काम बाहूंकडे राहते. १९६८ मध्ये ते तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त जलतरणाचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत, कापले आणि भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दुसऱ्या सुवर्णासाठी देशाला देवेंद्र झाझरिया यांच्या २००४ मधील भालाफेकीपर्यंत थांबावे लागले.

खेद वाटतो तो पुढील मौनाचा. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे विजयानंतर शेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. रणांगणावर पडलेल्यांची नावे शिलालेखांवर कोरली जातात. परंतु जे जायबंदी होऊन परततात, त्यांचे पुढचे आयुष्यही त्याच युद्धाच्या इतिहासाचा भाग आहे. त्याची नोंद वेळेवर घेणे हे समाजाचे कर्तव्य ठरते.