पिवळी टाचणी: तळ्याच्या काठावरचं गवत हेच तिचं घर

गावतळ्याच्या काठाला, भाताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या डबक्यापाशी काडीसारखा बारीक, हळदीसारखा पिवळा कीटक गवतावर बसलेला तुम्ही पाहिला असेल. पोरं त्याला सरसकट 'हेलिकॉप्टर' म्हणतात. ही टाचणी. चतुर वेगळा. चतुर अंगानं जाड आणि बसताना पंख आडवे पसरतो, ही टाचणी पंख पाठीवर मिटून घेते.

इंग्रजीत हिला कोरोमंडल मार्श डार्ट म्हणतात. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये तिची नोंद केली. नाव पूर्व किनाऱ्याचं असलं तरी आपल्याकडेही ती भरपूर आहे. लांबी जेमतेम दीड इंच. नराचं शेपटीसारखं लांब पोट पिवळंधमक, छाती हिरवट. मादी मळकट रंगाची, म्हणून पटकन नजरेत येत नाही.

खरी गोष्ट आहे ती अंड्यांची. नर मादीची मान शेपटीच्या टोकानं धरून ठेवतो आणि जोडी तशीच पाणवनस्पतीवर उतरते. मादी पान किंवा देठ टोचून आत अंडी घालते, उघड्या पाण्यात सोडत नाही. म्हणजे पाण्यात हिरवळ नसेल तर वंशच थांबला. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाणी भरपूर, पण अंडी घालायला देठ कुठाय?

अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्यातच वाढतात. शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात, त्यांनी श्वास घ्यायचा. खालचा जबडा झटक्यात पुढे फेकून ती भक्ष्य पकडतात, त्यात डासांच्या अळ्याही आल्या. मोठी टाचणीही डास, चिलटं खाते.

ही जात आज धोक्यात नाही. पण एखाद्या तळ्यातून ती जायला एक उन्हाळा पुरतो. गाळ काढलाच पाहिजे, त्याला कोणाचा विरोध नाही. मात्र जेसीबीनं चारही काठ खरवडले की लव्हाळा, पाणगवत सगळं जातं. एका बाजूचा काठ तसाच सोडला तरी बरंच वाचतं. दुसरं म्हणजे फवारणीचा पंप तळ्यात धुणं. आपण सगळेच ते करत आलोय, मीसुद्धा. त्या औषधाला माव्यातला आणि टाचणीतला फरक कळत नाही.

पावसाळ्यात सकाळी काठावरचे देठ नीट बघा. त्यांना चिकटलेली वाळकी, पोकळ साल दिसली तर तिथूनच टाचणी उडून गेलेली असते.