निलांबरीची फेरी : नसलेल्या तटाभोवती

आजचा एपिसोड ऐकताना जमलं तर मॅपवर मुंबईचं दक्षिण टोक उघडून ठेवा. आज आपण बसनं मुंबई बघणार आहोत. म्हणजे टपावर छप्पर नसलेल्या त्या डबलडेकरनं, निलांबरीनं.

ज्यांनी ही बस बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमटीडीसीनं ही बस सुरू केली, चालवायची बेस्ट. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेटवेपासून सुटायची. मंत्रालय, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, सीएसएमटी, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल असं फिरवून परत गेटवेला आणून सोडायची. वरच्या मजल्याचं तिकीट खालच्यापेक्षा महाग, आणि तरी गर्दी वरच. सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर निघाल्या आणि पुढच्याच महिन्यात या उघड्या बसही. तेव्हा लोकांनी सेल्फी काढले, हार घातले, रील्स झाले.

पण त्या बसमधून आपण नक्की काय बघत होतो, हे फारसं कुणी बोललं नाही. गाईड इमारतींची नावं सांगायचा, साल सांगायचा, पुढे. माझं म्हणणं असं आहे की त्या फेरीतली सगळ्यात मोठी वास्तू दिसतच नव्हती, कारण ती पाडून दीडशे वर्षं होऊन गेलीत. ती म्हणजे मुंबईच्या किल्ल्याचा तट.

आपण ‘फोर्ट’ म्हणतो, कंडक्टर ‘फोर्ट, फोर्ट’ ओरडतो, पण तिथे किल्ला कुठाय? जुनी माणसं या भागाला ‘कोट’ म्हणायची. इंग्रजांनी १७१५ च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात आपल्या वखारीच्या गावाभोवती हा तट बांधायला घेतला. त्याला मुख्य दरवाजे तीन: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट.

आणि आता यात आपली माणसं येतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. वसईच्या चर्चमधल्या घंटा देवळादेवळांत गेल्या, ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात. पण त्याच वेळी खाडीच्या या बाजूला, मुंबईत, इंग्रजांची झोप उडाली होती हे कुणी सांगत नाही. साष्टी मराठ्यांकडे, वसई मराठ्यांकडे, आणि मधे फक्त माहीमची खाडी. मग त्यांनी दोन कामं केली. एकीकडे कॅप्टन इंचबर्डला वसईला पाठवून जुलैमध्ये पेशव्यांशी तह केला. दुसरीकडे तटाच्या बाहेरून खंदक खणायला घेतला. त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. तह कागदावर ठेवायचा आणि कुदळी चालू ठेवायच्या, असा रोकडा हिशोब.

खंदकानंतर पुढची पायरी आली. तटाबाहेर घरं आणि नारळाची झाडं असली तर शत्रूला आडोसा मिळतो, आणि तोफ डागायची तर समोर मोकळं रान लागतं. म्हणून तटाबाहेरची वस्ती उठवून शेकडो यार्ड जमीन मोकळी केली गेली. पुढे ती हद्द आणखी वाढवली. मराठ्यांच्या जोडीला फ्रेंचांचीही भीती होतीच. या मोकळ्या पट्ट्याला इंग्रज एस्प्लनेड म्हणायचे. आपण त्याच्या उरलेल्या तुकड्यांना ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान म्हणतो. रविवारी जिथे एकाच वेळी वीस मॅच चालतात आणि कुणाचा बॉल कुणाकडे जातो कळत नाही, ती जागा मुळात तोफेच्या माऱ्यासाठी राखलेली. मुंबईसारख्या इंच इंच विकणाऱ्या शहरात एवढी मैदानं कशी राहिली, याचं मला तरी हेच उत्तर पटतं. त्यात थोडा वाटा वसईच्या मोहिमेचा आहे. आणि ज्यांची घरं त्यासाठी उठवली त्यांचाही.

मग १८६२ च्या सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तट पाडायला काढला. मराठी राज्य जाऊन चाळीसेक वर्षं झालेली, कोटात माणसांची दाटी, हवा नाही, रोगराई. आणि नेमका त्याच वेळी पैशांचा पाऊस पडला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग सगळी मागणी मुंबईच्या कापसावर. योगायोग बघा, गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ आलं १८६३ मध्ये. तट पडत असतानाच मुंबईवरचं पहिलं मोठं मराठी पुस्तक तयार! या बसवर गाईड म्हणून एक माणूस निवडायचा झाला तर मी त्यांनाच बसवेन.

आता बसमध्ये बसू. सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे येणारा दादाभाई नौरोजी रस्ता ढोबळमानाने पडलेल्या पश्चिम तटाच्या रेषेवर आहे. म्हणजे डाव्या हाताला कोटाच्या आतलं जुनं गाव. तिथल्या गल्ल्या बघा, किती चिंचोळ्या! उजव्या हाताला तटाबाहेरचं जग, तिकडे सगळं ऐसपैस. पुढे काळा घोड्याजवळच्या रस्त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे सरळ तटाची गल्लीच.

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आहे ना, तिथे होतं चर्च गेट. चर्च कुठलं? हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस, १७१८ सालचं. त्या चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून चर्च गेट. दरवाजा गेला, १८६४ मध्ये तिथे कारंजं आलं, आणि नाव मात्र पश्चिमेला सरकत जाऊन लोकलच्या स्टेशनाला चिकटलं. रोज लाखो लोक एका नसलेल्या दरवाजाचं नाव घेऊन गाडी पकडतात. याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. बस इथे सिग्नलपुरती थांबायची. कारंज्याची माहिती आधी आणि हुतात्म्यांची एका वाक्यात, असं मी स्वतः ऐकलंय, आणि तेव्हा खाली उतरावंसं वाटलं होतं.

वरच्या मजल्याची खरी किंमत वसूल व्हायची ती सीएसएमटीला. फुटपाथवरून आपल्याला दिसतात गर्दी, टॅक्सी आणि वडापाव. पण दोन माणसांच्या उंचीवर बसलं की दगडातली झाडं, मोर, माकडं, भिंतीतून बाहेर डोकावणारी जनावरं जवळ येतात. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, काम १८७८ ते १८८७. पण त्याच्या हाताखाली इंजिनिअर होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. म्हणजे तुमच्या वयाची मुलं. दर्शनी भिंतीवर जीआयपी रेल्वेच्या संचालकांचे गोल चौकटींतले चेहरे आहेत, त्यात जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेठही. स्टेशनला नानांचं नाव द्या म्हणून मागणी होत असते, पण नाना स्वतः कधीपासून भिंतीवर बसून आपल्याकडे बघतायत. खालून जाणाऱ्याला मान वर करायला वेळ नाही, एवढंच.

ओव्हलला आलात की एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठ. या इमारती १८७० च्या दशकातल्या, आणि बांधल्या तेव्हा समोर समुद्राचा वारा थेट यायचा. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, आईच्या नावानं. हा कापसाच्या तेजीचा पैसा. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, प्रेमचंदही बुडाले, टॉवर मात्र उभा राहिला. आराखडा काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईत कधी आलाच नाही.

मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या गोलसर गॅलऱ्यांच्या बिल्डिंगा १९३० च्या दशकातल्या, भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवरच्या. त्या भरावाचा पैसा कसा उधळला गेला हे के. एफ. नरिमन यांनी उघड केलं. हार्वी नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. चर्चगेटहून मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. भराव घालणाऱ्या गव्हर्नर लॉइडचं कुणी नावही काढत नाही. मला हे फार आवडतं.

निलांबरी नाही, पण फेब्रुवारी २०२३ पासून इलेक्ट्रिक डबलडेकर आल्यात. पहिली धावली ती सीएसएमटी ते एनसीपीए. एसी असल्यामुळे काच आड येते, वारा नाही, पण उंची तीच. जिन्यानं वर जा, पुढची सीट पकडा आणि हातात माडगावकर असू द्या.

आणि तट प्रत्यक्ष बघायचाच असेल तर सीएसएमटीच्या मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात त्याचा एक तुकडा अजून उभा आहे. तिथे कुठलीच बस नेत नाही. चालत दहा मिनिटं लागतात.