रजेच्या अर्जातली काशी

गणपती जवळ आले की आपल्या मंडळातल्या नोकरदार सभासदांचे दोन हिशेब एकदमच सुरू होतात. एक वर्गणीचा आणि दुसरा रजेचा. इथे बहुतेक कचेऱ्यांना चतुर्थीची सुट्टी नसते. त्यामुळे प्रतिष्ठापनेचा एक दिवस, विसर्जनाचा एक, नाटकाच्या रंगीत तालमीसाठी अर्धा, असे करता करता किरकोळ रजा हां हां म्हणता संपते. केंद्र सरकारच्या कचेरीत ती वर्षाला आठच. मग दिवाळीत गावी आईला भेटायला जायचे कशाच्या जोरावर, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

आपण काशीकर असल्यामुळे आपल्या वाट्याला तिसराही एक हिशेब येतो. तो म्हणजे पाहुण्यांच्या रजेचा. फोन येतो, "शुक्रवारी सकाळी पोहोचतोय, रविवारी रात्रीची गाडी आहे. तेवढ्यात काशी, प्रयाग, गया होईल ना? जमल्यास अयोध्याही." १९९४ साली बँकेच्या बदलीने मी या गावात आलो, तेव्हापासून हा प्रश्न ऐकतो आहे. पूर्वी हसू यायचे. आता मात्र वाटते की प्रश्न हसण्यासारखा नाही. मराठी माणसाने काशीसाठी वेळ आणला कुठून, हा एक इतिहासच आहे, आणि तो राजवाड्यांपेक्षा रजेच्या अर्जांत अधिक सापडतो. यंदाच्या स्मारिकेसाठी तोच थोडासा मांडतो.

काशीला जाणार, जाणार असे रोज म्हणत राहावे, त्यातही पुण्य आहे, अशा अर्थाची आपली एक जुनी म्हण आहे. लहानपणी ती थट्टेची वाटायची. पण विचार केला तर ती न गेलेल्यांची म्हण आहे. ज्यांना शेत, गुरे, सावकार आणि चाकरी सोडून निघता येत नव्हते, अशा लोकांची. निघणे म्हणजे किती दिवसांचे होते ते पाहा. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या त्या दुसऱ्या वर्षी परतल्या. पेशव्यांच्या आई त्या. वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांचा मानपान केला, बंदोबस्त दिला, तरी वर्ष गेले. मग सामान्य माणसाचे काय?

सामान्य माणसाचे उदाहरण म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरची ओढगस्त होती आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी होती. पुढे ते बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, आणि घरी परतायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. परतले तेव्हा गाठीशी पैसा फारसा नव्हता. होती ती गंगेची कावड. तिच्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. हा वृत्तांत त्यांनी मागाहून लिहून काढला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापला, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मला त्यात लक्षात राहते ते इतकेच की भटजींना कुणाकडे रजा मागायची नव्हती. भिक्षुक होते म्हणून निघू शकले. त्याच वेळी वरसईचा एखादा कुळवाडी किंवा कारकून निघू शकला असता का?

मग आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत धावली. बोरघाट १८६३ मध्ये आणि कसाऱ्याकडचा घाट १८६५ मध्ये तिने ओलांडला. तिकडून कलकत्त्याची गाडी १८६२ मध्येच मुघलसरायला आली होती आणि १८६७ मध्ये अलाहाबादेहून जबलपुरापर्यंत पोहोचली. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडचा मार्ग जबलपुरात तिला जाऊन मिळाला आणि महिन्यांची वाट एकदम दिवसांवर आली. अर्थात शेवटचा टप्पा उरलाच होता. यात्रेकरूंना पलीकडच्या तीरावर उतरून नावेने किंवा होड्यांच्या पुलावरून गंगा ओलांडावी लागे. राजघाटचा लोखंडी पूल १८८७ मध्ये झाला. आज आपण त्याला मालवीय पूल म्हणतो. ज्या मुघलसरायच्या फलाटावर आपल्यापैकी कित्येकांनी हिवाळ्यात धुक्यामुळे रात्री काढल्या, त्या स्थानकाचे नाव २०१८ मध्ये बदलले, पण घरातल्या बोलण्यात ते अजून मुघलसरायच आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाडीने प्रवासाचा वेळ कमी केला, पण ज्या काळात तिने तो कमी केला त्याच काळात माणसाचा वेळ घड्याळाला बांधला गेला. शेतकऱ्याला सुगीनंतर दोन महिने मोकळे असत. गिरणीत लागलेल्या त्याच्या मुलाला एक दिवससुद्धा हक्काचा नव्हता. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि रविवारीही यंत्रे पुसायला यायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची, दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. ती सुट्टी मिळायला जून १८९० उजाडला. म्हणजे काशीपर्यंत आगगाडी येऊन वीस वर्षे झाल्यानंतर मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्यातला एक दिवस मिळाला. गाडी होती, भाड्याचे पैसे कदाचित जमवता आले असते, पण दिवस नव्हते. काशीचा इतिहास लिहिणारे पूल आणि स्थानके लिहितात, लोखंड्यांचे नाव त्यात कुठे दिसत नाही. माझ्या मते ते असायला हवे.

पगारी रजा तर फारच अलीकडची. १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे प्रमाण ठरले, म्हणजे वर्षाला साधारण पंधरा दिवस. सरकारी नोकरांना १९५६ पासून रजेत गावी जायचे प्रवासभाडे मिळू लागले आणि पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्याची सोय झाली. दशाश्वमेधावर उन्हाळ्याच्या सुट्टीत जी मराठी कुटुंबे दिसत, त्यांतली निम्मी तरी याच सवलतीवर आलेली असत. तिकिटे जपून ठेवा, कचेरीत दाखवायची आहेत, हे वाक्य मी घाटाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळा ऐकले आहे!

पण हे दिवस काशीच्या वाट्याला सहज आले असे समजू नये. गिरणगावातल्या कोकणी माणसाची रजा गणपतीला आणि शिमग्याला गावी जाण्यात संपे. घाटावरच्या माणसाची जत्रेत आणि लग्नसराईत. काशी राहायची म्हातारपणासाठी. माझ्या वडिलांचे अगदी असेच झाले.

वडील पुण्याकडच्या एका कारखान्यात टर्नर होते. मी इथे आल्यावर दोन वर्षांनी, १९९६ च्या डिसेंबरात, साठवलेल्या रजेतून सहा दिवस काढून ते आणि आई आले. दादरहून महानगरीने. जाण्यायेण्यात तीन दिवस गेले. उरलेल्या तीन दिवसांची त्यांनी एका चतकोर कागदावर यादी करून आणली होती. त्यात पंचक्रोशी पहिल्या क्रमांकावर होती, कारण त्यांच्या आजीने ती पायी केली होती आणि घरात तिचे मोठे कौतुक होते. मी म्हणालो, पंचक्रोशीला पाच दिवस लागतात. त्यांनी कागदाकडे पाहिले, पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि म्हणाले, "निवृत्त झाल्यावर." मग आम्ही तीन दिवसांत विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, बिंदुमाधव, सारनाथ, प्रयाग असे सगळे उरकले. उरकले हाच शब्द खरा आहे. परतीच्या गाडीत आईने विचारले, "बिंदुमाधव कोणता हो?" आणि दोघांनाही सांगता येईना, असे वडिलांनी पत्रात लिहिले होते.

ते पत्र मनाला लागले आणि मी जुन्या यात्रापद्धतीची चौकशी करू लागलो. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या वृद्ध मंडळींकडून आणि उपाध्यांकडून जे कळले त्याने मी चकित झालो. कमी वेळ असलेल्या माणसाचा विचार काशीने फार पूर्वी करून ठेवला आहे. सवड असलेल्याला काशीवास आहे, थेट मरेपर्यंतचा. पाच दिवस असतील तर पंचक्रोशी. मणिकर्णिकेवरून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करत पंचवीस कोसांचा, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा फेरा. एकच दिवस असेल तर अंतर्गृही यात्रा, नाहीतर पंचतीर्थी: अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका. पाच घाटांची पाच स्नाने, तीही नावेतून करता येतात. महाशिवरात्रीला तर हजारो लोक पंचक्रोशी एका अहोरात्रीत चालून पुरी करतात. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे त्यांत पुष्कळ असतात. रामेश्वर-द्वारकेला जायला जमत नसेल त्यांच्यासाठी त्या तीर्थांची ठाणी काशीतच आहेत.

आणि पन्नास वर्षांच्या वास्तव्यानंतरही इथल्या काही मराठी मंडळींनी न पाहिलेले असे एक स्थळ शहराच्या मध्यभागी, गल्ल्यांच्या जाळ्यात आहे: पंचक्रोशी मंदिर. त्याच्या भिंतींवर पंचक्रोशीच्या वाटेवरच्या देवस्थानांच्या लहान लहान मूर्ती ओळीने बसवल्या आहेत. मंदिराला प्रदक्षिणा घातली की ज्याला चालणे शक्य नाही त्याचीही यात्रा झाली असे मानतात.

या सगळ्यातली मेख अशी की हे पर्याय एकमेकांवर रचण्यासाठी नव्हते. एक दिवसवाल्याने एक दिवसाची यात्रा करायची आणि ती पुरी करायची. पाच दिवसांची यात्रा एका दिवसात कोंबा, असे कुणी सांगितलेले नाही. शिवरात्रीची मंडळीसुद्धा वाट कापतात ती पूर्ण, पावले वाचवत नाहीत. सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तिन्हींवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. पैठणहून आलेले हे घराणे, गागाभट्ट त्यांचे पणतू. त्या ग्रंथातही प्रत्येक क्षेत्राचा विधी वेगळा आणि सविस्तर दिलेला आहे. तिन्ही ठिकाणी तीन दिवसांत शिवून या, हे आपण नंतर जोडले. गाडीने वाचवलेला वेळ आपण मुक्कामात घातला नाही, आणखी गावांत घातला. पूर्वीचा यात्रेकरू वर्षभर खर्चून काशीत महिनाभर राहायचा. आताचा विमानाने दोन-अडीच तासांत बाबतपूरला उतरतो आणि संध्याकाळच्या आरतीला पोहोचण्यासाठी धापा टाकत असतो. २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे नवे आवार झाले, मोकळी जागा झाली, पण गर्दीही तितकीच वाढली. रांगेत जाणारा वेळ धरला तर तीन दिवसांचे अडीचच उरतात.

म्हणून हल्ली पाहुण्यांना मी फोनवर आधी विचारतो, "यादीतले एक काय ठेवायचे ते सांगा." काही रागावतात. एक दूरचे मेहुणे तर परस्पर टॅक्सी करून अयोध्येला गेले आणि चौदा तासांनी परत आले, ते दुसरा दिवस झोपूनच होते. पण एका शिक्षिकाबाईंनी तीन दिवसांपैकी एक पूर्ण दिवस पंचतीर्थीला दिला. पहाटे अस्सीवर नावेत बसल्या. जाताना नावाडी त्यांना मराठ्यांचे घाट दाखवत होता: अहल्याबाईंचा, भोसल्यांचा, शिंद्यांचा. पुढच्या दिवाळीत त्यांचे पत्र आले ते त्या नावाड्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करणारे.

वडील १९९९ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा आई आजारी होती, मग ती गेली, मग त्यांचे गुडघे. आता दिवस भरपूर होते, पण पाय नव्हते. २०११ च्या जानेवारीत ते एकटे आले आणि माझ्याकडे चाळीस दिवस राहिले. पंचक्रोशीचे नाव त्यांनी काढले नाही, मीही नाही. मी रिक्षेने कर्दमेश्वरापर्यंत नेतो म्हटले तर म्हणाले, "रिक्षेने केलेली माझ्या आजीला कळेल." शेवटच्या आठवड्यात मी एक दिवस किरकोळ रजा टाकली आणि त्यांना हाताला धरून त्या गल्लीतल्या मंदिरात घेऊन गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. आत आम्हा दोघांशिवाय एक पुजारी आणि दोन बंगाली विधवा. वडील भिंतीला एक हात लावून चालू लागले. प्रत्येक मूर्तीपाशी थांबत, वाकून पाहत, काहींवरचे शेंदराचे थर बोटाने चाचपत. लेथवर काम केलेला माणूस, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी मध्येच घड्याळ पाहिले तर म्हणाले, "तुझी रजा पूर्ण दिवसाची आहे ना? मग घाई कसली?"

एका फेरीला आम्हाला दोन तास लागले. बाहेर आल्यावर कुल्हडमधला चहा घेतला आणि त्यांनी खिशातून तो चतकोर कागद काढला. चौदा वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटत आलेला. खोडलेल्या ओळीखाली त्यांनी ती पुन्हा लिहिली, आणि पुढे तारीख घातली.