पाचवी मागणी

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघाले की टोकावडे मागे पडते आणि घाटाच्या पायथ्याशी वैशाखरे लागते. भातकापणी उरकली की या पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे बिऱ्हाड बांधून भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून घेतलेली उचल अंगावर असते. पाडलेल्या विटांच्या हजारी हिशेबाने ती फेडायची असते. अशा मजुराचा हात मोडला किंवा पाय भाजला, तर विटा पडत नाहीत आणि विटा पडल्या नाहीत की उचल फिटत नाही. जखम त्याची आणि त्या दिवसांचे कर्जही त्याचेच!

कामावर इजा झालेल्या माणसाचे पोट त्या काळात कोणी भरायचे? हा प्रश्न आपल्या ठाण्यातच जन्मलेल्या एका माणसाने १८८४ साली जाहीरपणे विचारला होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि काही काळ मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल होते. गिरणीतील माणसाचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते.

मुंबई सरकारने त्या वर्षी कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यात मागण्या पाच होत्या. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

पहिल्या मागणीचे फळ आपण आजही चाखतो. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवारी कुटुंबासह मिस्सेला जाताना या माणसाचे स्मरण आपल्यापैकी किती जणांना होते, कोण जाणे! पाचवी मागणी मात्र मागेच राहिली.

ती काही अशक्य कोटीतली नव्हती. त्याच १८८४ साली जर्मनीने कामावरील अपघातांच्या विम्याचा कायदा केला. इंग्लंडने तसा कायदा केला १८९७ साली. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला, प्लेगच्या साथीत, लोखंडे निवर्तले होते. भारतात मजुरास भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली, ही मोठीच गोष्ट. परंतु तात्पुरत्या अपंगत्वात मिळणारी रक्कम फार तर निम्म्या पगाराएवढी होती आणि आरंभीचे दहा दिवस कोरडेच जात.

शिवाय पैसे मिळाले तरी नोकरी टिकेल याची हमी कोठे होती? ती १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने दिली. त्याच्या कलम ७३ नुसार आजारपणाचा किंवा दुखापतीचा लाभ घेत असलेल्या कामगारास त्या काळात काढून टाकणे, खालच्या जागी ढकलणे किंवा शिक्षा करणे मालकास मना झाले. निवेदनानंतर चौसष्ट वर्षांनी ही ढाल मिळाली.

या ढालीलाही एक फट होती. मद्रासच्या एका गिरणीच्या स्थायी आदेशांत, रजेविना ठरावीक दिवस गैरहजर राहणाऱ्याची नोकरी आपोआप संपते, असा नियम होता. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अशी समाप्ती कलम ७३ च्या मनाईत बसत नाही. काढून टाकणे वेगळे आणि नाव आपोआप कमी होणे वेगळे! बिछान्यावर पडलेल्या माणसाला हा भेद कसा कळावा? म्हणून आम्ही आमच्या वाचकांस आग्रहाने सांगतो. घरातील कोणी दुखापतीने अंथरुणाला खिळला, तर दाखला आणि रजेचा अर्ज विनाविलंब कामाच्या ठिकाणी पोहोचवा व त्याची पोच जपून ठेवा.

सामाजिक सुरक्षेचे हे जुने कायदे आता २०२० च्या संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु कायदा कोणताही असो, आपण मजूर होतो हे आधी दाखवता आले पाहिजे. भट्टीवर हिशेब बहुधा जोडीच्या नावाने, म्हणजे नवऱ्याच्या नावाने, मांडला जातो. शेजारी बसून विटा पाडणाऱ्या पत्नीचे नाव वहीत येतच नाही. मग तिचा हात चिरडला, तर ती कोणाची कामगार? याउलट रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात हजेरीपट होता. कामावर जखमी झालेल्यास मोफत उपचार आणि रुग्णालयात राहावे लागल्यास निदान निम्म्या मजुरीइतका दैनिक भत्ता देण्याची तरतूदही होती. गावातल्या कामावर जे देता येते ते भट्टीवर का देता येऊ नये?

पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमावरील परिपत्र १५ मे १९८१ रोजी प्रसिद्ध व्हायचे होते. दोनच दिवस आधी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रुग्णालयातून परतल्यावर त्यांनी मजकुरावर अखेरचा हात फिरवला आणि सप्टेंबरमध्ये तो प्रसिद्ध केला. कामावरील अपघातात विम्याचे संरक्षण हा श्रमिकाचा हक्क आहे, असे त्यात म्हटले आहे. स्वतः जखमी होऊन पडलेल्या माणसाच्या नजरेखालून ते वाक्य गेले होते.

वसई-विरारच्या अंगाला भट्ट्या आहेत आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या भिंती त्यांच्याच विटांच्या आहेत. पुढच्या खेपेस विटा मागवताना मालकाला एवढे तरी विचारावे, की तुमच्या वहीत बायकांची नावे आहेत का, आणि हात मोडला त्या आठवड्याची खर्ची दिलीत का?