मेंदूंतील गाठ आणि घरांतील माणसें

वैद्यानें आपल्या घरच्या माणसावर शस्त्र चालवूं नये, असा जुना संकेत आहे. मायेनें हात कांपला तर विद्या फुकट जाते, हें त्याचें कारण. इ. स. १९२८ च्या डिसेंबरांत कॅनडांतील माँट्रियल शहरीं हा संकेत मोडला गेला. तेथील रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयांत वाइल्डर पेन्फील्ड ह्या शस्त्रवैद्यानें आपली सख्खी वडील बहीण रूथ हिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. रूथ त्या वेळीं चाळिशी ओलांडलेली, सहा मुलांची आई होती. पुष्कळ वर्षांपासून तिला फेफऱ्याचे झटके येत असत. पुढें डोकेदुखी असह्य झाली. मेंदूच्या पुढल्या भागांत उजव्या बाजूस गाठ वाढत आहे, असें निष्पन्न झालें. असें काम अंगावर घेणारे वैद्य त्या काळीं साऱ्या अमेरिकाखंडांत बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि त्यांपैकीं एक घरांतलाच होता. संकेत पाळावा कीं बहिणीस वांचवावें, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला.

ही विद्याच मुळीं नवी होती. लंडन येथें २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं रिकमन गॉडली यांनीं एका तरुण शेतकऱ्याची कवटी उघडून मेंदूंतील गाठ काढली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप अकरा वर्षें होतीं. गाठ कोठें आहे हें बेनेट नांवाच्या वैद्यानें केवळ लक्षणांवरून ताडलें, आणि ती नेमकी तेथेंच सांपडली! रोगी मात्र महिन्याच्या आंतच दगावला. त्यानंतर बोस्टनचे हार्वे कुशिंग यांनीं ह्या विद्येस शिस्त लावली, आणि १९३२ सालीं आपण हाताळलेल्या दोन हजार गाठींचा हिशेब त्यांनीं प्रसिद्ध केला. हीं नांवें वैद्यकाच्या इतिहासांत आदरानें घेतलीं जातात, व तें योग्यच आहे. परंतु ह्या इतिहासाचा एक दोष आम्हांस नेहमीं जाणवतो. शस्त्र धरणाऱ्याचें चरित्र त्यांत सविस्तर येतें. रोग्याच्या उशाशीं बसून रात्री काढणाऱ्यांस मात्र एक ओळही मिळत नाहीं. रूथची हकीकत निराळी पडली, ती ह्यामुळें कीं उशाशीं बसणारा आणि शस्त्र धरणारा एकच होता, आणि त्यानें तें लिहून ठेविलें.

गाठ अपेक्षेपेक्षां फार पसरलेली निघाली. आतां थांबावें, असें सहकारी विल्यम कोन यांनीं विनविलें. पेन्फील्ड थांबले नाहींत. मेंदूचा उजवा पुढला भाग बहुतेक सगळा काढावा लागला. तरीही गाठीचा कांहीं अंश आंत राहिलाच. रूथ त्यांतून उठली, आपल्या घरीं गेली, मुलांत रमली. बोलणें शहाणपणाचें, स्वभाव पूर्वीसारखाच गोड. जो तो म्हणे, ही पूर्ण बरी झाली.

सुमारें सव्वा वर्षानें भाऊ तिच्या घरीं जेवावयास गेला. पाहुणा एकटा तोच, आणि घरचीं चार माणसें; बेत साधाच होता. वेळ झाली, तरी पान मांडण्याचें चिन्ह दिसेना. भाऊ स्वयंपाकघरांत डोकावला. सर्व जिन्नस तेथें होते. एकदोन पदार्थ चुलीवर चढले होते, कोशिंबीर चिरावयाची राहिली होती, मुख्य पदार्थास तर हातच लागला नव्हता. आणि इतका वेळ एकटीनें खटपट करून ती बिचारी गोंधळून, रडकुंडीस येऊन उभी होती. कोणीं हाताखालीं मदत करतांच स्वयंपाक झाला, आणि जेवतांना ती सर्वांशीं नीट बोललीही.

ही लहानशी गोष्ट पेन्फील्ड यांनीं १९३५ सालीं आपल्या एका शास्त्रीय निबंधांत नमूद केली, आणि मेंदूचा अभ्यास करणारे आजतागायत ती वाचतात. मेंदूचा पुढला भाग काय करतो, ह्याचा एक मोठा पुरावा त्यांत त्यांना मिळाला. प्रत्येक कृति तिला येत होती. कोणती आधीं आणि कोणती मागाहून, हा क्रम लावण्याची शक्ति तेवढी गेली होती. आमच्या वाचकभगिनींस ह्याचें मर्म शास्त्रज्ञांपेक्षां लवकर कळेल. डाळ शिजत असतां भाजी चिरणें, भाजी परततां परततां कणीक मळणें, आणि शेवटीं सगळें एकाच वेळीं पानावर येणें, ह्यास आपण सवय म्हणतों आणि विसरून जातों. आईच्या मेंदूंत गाठ झाली म्हणजे घराचा जो खर्च होतो, त्यांतील हा खर्च कोणत्याही रुग्णालयाच्या बिलांत लिहिलेला नसतो. आई समोर बसलेली असते, हंसते, नांवें ओळखते. परंतु जिच्या तंत्रानें घर चालत होतें ती आतां दुसऱ्यांच्या तंत्रानें चालूं लागते. हें मुलांस समजण्यासच कित्येक महिने लागतात, आणि तोंवर तिच्यावर रागावलेल्या शब्दांचा पश्चात्ताप पुढें जन्मभर उरतो.

रूथची गाठ पुन्हां वाढली. ह्या वेळीं शस्त्रक्रिया स्वतः कुशिंग यांनीं केली. परंतु १९३१ सालीं ती गेली.

पैशाच्या खर्चाचा इतिहासही येथूनच पुढें चालतो. मज्जासंस्थेच्या रोगांकरितां स्वतंत्र संस्था असावी, ही पेन्फील्ड यांची इच्छा बहिणीच्या दुखण्यानें अधिक तीव्र झाली. रॉकफेलर फाउंडेशननें १२ लाख डॉलरांहून अधिक देणगी दिली, गरीब रोग्यांच्या खर्चास शहरानें आणि प्रांतिक सरकारनें दरसाल हातभार लावण्याचें कबूल केलें, आणि १९३४ सालीं माँट्रियलची ती संस्था उघडली. त्या काळीं हें लहान पाऊल नव्हतें. मेंदूच्या शस्त्रक्रियेस तासचे तास, तरबेज परिचारिका आणि महिनोन्‌महिने शुश्रूषा लागते. हें ओझें एका कुटुंबाच्या मिळकतीवर टाकलें कीं रोगी मरो वा जगो, घर बुडतेंच.

ह्या संस्थेशीं आपल्या देशाचा संबंध फार निकटचा आहे. तेथेंच शिकून आलेले जेकब चंडी यांनीं १९४९ मध्यें वेल्लोर येथें हिंदुस्थानांतील मज्जाशस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. आणि आपल्या मुंबईंत ही विद्या रुजविणारे राम गिंडे हेही पेन्फील्ड यांच्याच हाताखालीं तयार झाले. रूथच्या उशाशीं जें दुःख एका भावानें सोसलें, त्याचें फळ अशा वाटेनें आपल्या दारापर्यंत पोंचलें.

त्यानंतर साधनें पालटलीं. १९७१ मध्यें लंडन येथें संगणकाच्या साहाय्यानें डोक्याचें क्ष-किरणचित्र प्रथम काढलें गेलें तें एका स्त्रीचेंच, आणि तिच्याही मेंदूच्या पुढल्या भागांतच गाठ असल्याचा संशय होता. परंतु मेंदूच्या अति उग्र कर्करोगापुढें ह्या साऱ्याची धांव अद्याप थोडी आहे. २००५ सालीं ५७३ रोग्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणांनीं निम्मे रोगी सुमारें १२ महिन्यांपलीकडे जगत; जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिल्यास तीच मर्यादा साडेचौदा महिन्यांवर गेली. दोन वर्षें पुरीं करणारे शंभरांत दहा होते ते सव्वीस झाले. अडीच महिने! बाहेरच्या माणसास हा हिशेब हास्यास्पद वाटेल. ज्या घरीं मुलीचें लग्न तोंडावर आहे तेथें विचारावें.

आपल्याकडे २०१२ मध्यें राजीव गांधी जीवनदायी नांवानें निघालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी आरोग्य योजना ठराविक उपचारांचा भार उचलते, हें मोठेंच साह्य होय. परंतु किरणोपचार म्हणजे सहा आठवड्यांत ३० वेळां रुग्णालयाची पायरी चढणें. तितके दिवस परगांवच्या रोग्यानें आणि सोबतच्यांनीं मुंबईंत राहावें कोठें? दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशांनाच आसरा देते. खराटा घेऊन हिंडणाऱ्या त्या साधूस रोग्याच्या नातेवाइकाची अडचण जितकी कळली, तितकी ती अंदाजपत्रकें करणाऱ्यांस अजून कळलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब ह्या चक्रांतून गेलें. थोरल्या मुलानें खर्चाची वही ठेविली होती. औषधें आणि तपासण्या आरंभीं होत्या. पुढें पुढें नोंदी बदलत गेल्या: बिनपगारी रजा, धाकटीच्या शिकवणीची फी थकली, म्हशीचे आले. आईच्या पाटल्या मोडल्या त्या दिवशीं आंकडा मांडला आहे, जिन्नस मात्र लिहिलेला नाहीं. शस्त्रक्रियेनंतर ती माउली घरीं आली, तेव्हां रूथसारखीच चुलीपुढें उभी राहून भांबावूं लागली. कोणी म्हणालें, तिला स्वयंपाकघरांत येऊंच देऊं नये. सुनेनें ऐकलें नाहीं. तिनें ओट्यावरच्या भिंतीस एक कागद लावला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एकाखालीं एक लिहिलें: तांदूळ धुणें, पाणी घालणें, झांकण ठेवणें. प्रत्येक ओळीपाशीं ती सासूबाईंच्या शेजारीं थांबे, आणि ओळ झाली कीं पुढच्या ओळीवर बोट ठेवी. त्या घरीं तीन महिने रोजचा भात सासूबाईंच्या हातचा होत असे.